जिज्ञासा आणि स्वाध्याय

एका मनुष्याला अनेक शास्त्रांत खऱ्या अर्थाने पारंगत होता येते काय? ज्ञानाचा पसारा लहान होता तेव्हा हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नसे. वैद्यक, ज्योतिष, गणित आणि व्याकरण ही एकाच पंडिताच्या घरी सुखाने नांदत. पुढे शास्त्रे वाढली, त्यांना शाखा फुटल्या, आणि एका शाखेची एक डहाळी आत्मसात करण्यातच सबंध आयुष्य खर्ची पडू लागले. त्यामुळे अनेक विषयांत संचार करणाऱ्या मनुष्याकडे विद्वान लोक संशयाने पाहतात, आणि हा संशय पुष्कळदा खराही ठरतो. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण काही उगाच रूढ झालेली नाही.

तरीही विसाव्या शतकातील भारतात असा एक अभ्यासक होऊन गेला, की ज्याच्या नावाचे सूत्र आनुवंशिकीचे विद्यार्थी आजही वापरतात, ज्याने संपादिलेल्या भर्तृहरीच्या आवृत्तीवाचून संस्कृतज्ञांचे चालत नाही, आणि ज्याच्या ग्रंथांनी प्राचीन भारताच्या इतिहासलेखनाची दिशा बदलली. व्यवसायाने तो गणिताचा अध्यापक होता. दामोदर धर्मानंद कोसंबी हे त्याचे नाव. त्यांनी हे विषय कसे हस्तगत केले, याचा शोध घेतला असता जिज्ञासेचे सामर्थ्य कळते. आणि जिज्ञासेला कोणत्या शिस्तीची जोड लागते, हेही कळते.

घरातील वारसा

दामोदर कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबें येथे झाला. त्यांचे वडील धर्मानंद हे स्वतःच स्वाध्यायाचा एक असामान्य नमुना होते. घरच्या नारळबागेची देखभाल करावी लागल्याने धर्मानंदांचे शालेय शिक्षण अपुरेच राहिले. एका मराठी बालमासिकात आलेले बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि बुद्धाचा धर्म मुळातून समजून घेण्याचा ध्यास त्यांना लागला. १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ असा प्रवास करीत, कित्येकदा अन्नछत्रांत जेवून, त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले, आणि पुढे सिंहलद्वीपात जाऊन पाली भाषा शिकली. गोव्याच्या खेड्यातील हा अर्धशिक्षित तरुण कालांतराने अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथाच्या संपादनासाठी निमंत्रित झाला.

वडिलांबरोबर १९१८ मध्ये दामोदर अमेरिकेस गेले. हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेऊन १९२९ मध्ये ते स्वदेशी परतले. प्रथम बनारस हिंदू विद्यापीठात, नंतर अलीगढ मुस्लिम विद्यापीठात आणि १९३३ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित शिकविले. भूमिती हा त्यांचा संशोधनाचा विषय होता. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मारक पारितोषिक मिळाले. एवढ्यावर थांबले असते तरी भारतीय गणिताच्या इतिहासात त्यांची नोंद झाली असती. परंतु ते थांबले नाहीत. संख्याशास्त्र शिकावयाचे ठरल्यावर त्याची प्रमेये पाठ करण्यापेक्षा ती प्रत्यक्ष सामग्रीवर चालवून पाहणे त्यांना अधिक रुचले. अशी सामग्री शोधता शोधता त्यांचे लक्ष जुन्या नाण्यांकडे गेले.

तराजूतील इतिहास

भारतातील अतिप्राचीन नाण्यांत चांदीची ‘आहत नाणी’ प्रसिद्ध आहेत. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापून, वजन नेमके करण्यासाठी त्यांचे कोपरे छाटून, त्यांवर ठशांनी चिन्हे उमटवीत. म्हणून ती आहत. पूर्ण वजनाचे नाणे सुमारे ३.४ ग्रॅमचे असते. पुढच्या बाजूस बहुधा पाच चिन्हे असतात. सूर्य, चक्र, पर्वत, वृक्ष, हत्ती अशी चिन्हे त्यांत दिसतात. परंतु राजाचे नाव नाही, साल नाही, एक अक्षरही नाही. मग यांतील कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे, हे सांगावे कसे? नाणकतज्ज्ञ चिन्हांच्या अर्थाविषयी तर्क लढवीत होते. कोसंबींनी तर्क बाजूस ठेवून तराजू हाती घेतला.

त्यांचा विचार मुळात साधा होता. नाणे हातोहाती फिरते तेव्हा प्रत्येक व्यवहारात त्याची यत्किंचित झीज होते. एका व्यवहारातील झीज मोजता येण्यासारखी नसते, पण वर्षानुवर्षांची झीज साठत जाते. एकाच वेळी पाडलेल्या नाण्यांपैकी काही पुष्कळ फिरतात, काही पेटीत पडून राहतात. त्यामुळे काळ लोटतो तसे दोन परिणाम घडतात: त्या गटाचे सरासरी वजन घटते, आणि गटातील निरनिराळ्या नाण्यांच्या वजनांतील तफावत वाढते. नाण्यांची एखादी ठेव एकाच दिवशी जमिनीत पुरली गेली असेल, तर त्या दिवशी तिच्यातील सर्व नाण्यांची झीज एकदम थांबली. मग तिच्यातील नाण्यांचे चिन्हांप्रमाणे गट पाडावे, प्रत्येक गटाचे सरासरी वजन काढावे, आणि वजनाच्या क्रमाने गट मांडावे. सर्वांत हलका गट सर्वांत जुना.

येथेच उतावीळ मनुष्य निष्कर्ष जाहीर करून मोकळा झाला असता. कोसंबींनी आधी नियमाची परीक्षा घेतली. ज्यांवर साल छापलेले आहे अशी चलनातील नाणी त्यांनी मोठ्या संख्येने जमविली, सालवार वेगळी केली आणि तोलून पाहिली. उत्तर आधीच ठाऊक असलेल्या या प्रश्नात नियम खरा ठरला, तेव्हाच उत्तर ठाऊक नसलेल्या प्रश्नास तो लावण्याचा अधिकार त्यांना प्राप्त झाला. चलनामुळे होणाऱ्या या झिजेवरील त्यांचे टिपण १९४२ मध्ये प्रसिद्ध झाले. आहत नाण्यांच्या वजनांवरील विस्तृत निबंध त्याच्या आदल्याच वर्षी आला होता.

तक्षशिलेच्या उत्खननात सापडलेल्या ठेवी या अभ्यासास फार उपयोगी पडल्या, कारण त्यांपैकी एकीत अलेक्झांडरचे ग्रीक नाणेही होते. त्यामुळे ती ठेव इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीस पुरली गेली असावी, असे ठरविता आले. कोसंबींच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. नाण्यांच्या मागील बाजूस बारीक बारीक ठसे असतात. ते जितके अधिक तितके नाणे हलके. नाणे वेळोवेळी पारखून पाहणाऱ्या व्यापाऱ्यांच्या या खुणा असाव्यात, असे त्यांनी अनुमान केले. झिजलेल्या चांदीच्या तुकड्यावर व्यापाराची रोजनिशीच जणू उमटली होती. कोणते चिन्ह कोणत्या राजाचे, याविषयीची त्यांची सर्व मते पुढील तज्ज्ञांनी स्वीकारली नाहीत. तथापि, नाण्यांचा क्रम तोलून ठरविता येतो, हा विचार मात्र या शास्त्रात कायमचा शिरला.

गुणसूत्रांवरील अंतरे

संख्याशास्त्राच्या याच अभ्यासातून एक सर्वस्वी निराळे फळ हाती आले. प्राण्यांचे व वनस्पतींचे गुणधर्म ज्या जनुकांवर अवलंबून असतात, ती जनुके गुणसूत्रांवर ओळीने बसविलेली असतात. मातापित्यांकडून आलेल्या गुणसूत्रांच्या जोड्या बीजपेशी तयार होताना आपापसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. दोन जनुके एकमेकांपासून दूर असतील, तर त्यांच्या मध्ये अशी अदलाबदल होण्याचा संभव अधिक. म्हणजे अदलाबदलीचे शेकडा प्रमाण हे अंतराचे माप होय.

पण हे माप दूरच्या अंतरांस फसवे ठरते. दोन जनुकांच्या मध्ये दोनदा अदलाबदल झाली, तर पहिलीचा परिणाम दुसरी पुसून टाकते आणि मोजणाऱ्यास काहीच घडले नाही असे वाटते. शिवाय एके ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या शेजारी दुसरी होण्यास अडथळा येतो. हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये दिलेल्या सूत्रात पहिल्या गोष्टीचा हिशेब होता, दुसरीचा नव्हता. कोसंबींनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूत्रात हा अडथळाही धरला. जवळच्या अंतरावर तो प्रबळ आणि अंतर वाढेल तसा क्षीण होत जाणारा. उदाहरणार्थ, अदलाबदलीचे प्रमाण शेकडा ३० आढळले, तर हॉल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे ४६ एकके येते आणि कोसंबींच्या सूत्राने सुमारे ३५. पिकांच्या आणि प्राण्यांच्या जनुकांचे नकाशे तयार करताना हे सूत्र आजही वापरले जाते. त्याचा कर्ता जीवशास्त्राचा पदवीधर नव्हता, हे ते वापरणाऱ्या कित्येकांस माहीतही नसते.

नाण्यांकडून पोथ्यांकडे

नाण्यांचा क्रम लागला. परंतु ती पाडली कोणी? या प्रश्नाचे उत्तर तराजू देऊ शकत नाही. त्यासाठी पुराणांतील राजवंशांच्या याद्या, बौद्ध आणि जैन ग्रंथांतील उल्लेख पाहावयास हवेत. आणि ते पाहावयाचे तर दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबून भागत नाही. कोसंबींच्या घरात संस्कृत आणि पाली यांचा वावर होता, तरी शास्त्रशुद्ध अध्ययन निराळे. ते करण्यासाठी त्यांनी व्याकरणाच्या पुस्तकावर वर्षे न घालविता एक निश्चित काम अंगावर घेतले. ते काम म्हणजे भर्तृहरीच्या शतकांची मूळ संहिता ठरविणे.

भर्तृहरीची नीति, शृंगार आणि वैराग्य ही तीन शतके भारतभर शेकडो वर्षे पाठ केली जात होती. लोकप्रियतेमुळेच त्यांची संहिता बिघडली होती. प्रत्येक प्रांतात लेखनिकांनी आवडते श्लोक भरीस घातले, काही गाळले, काही बदलले. त्याच काळी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालू होते, आणि पोथ्यांची तुलना कशी करावी याचा वस्तुपाठ हाकेच्या अंतरावर होता. कोसंबींनी देशाच्या निरनिराळ्या भागांतील शेकडो हस्तलिखिते तपासली. लिपी, प्रांत आणि पाठभेद यांवरून त्यांची कुळे लावली. दोन पोथ्यांत एकच चूक आढळली, तर त्या दोन्ही बहुधा एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असाव्यात, या न्यायाने त्यांनी पोथ्यांची वंशावळ मांडली. अखेरीस सर्व परंपरांस समान असे सुमारे दोनशेच श्लोक निःशंकपणे जुने ठरले. उरलेले शेकडो श्लोक संशयित वा प्रक्षिप्त म्हणून वेगळे काढावे लागले. ही आवृत्ती १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे व्ही. व्ही. गोखले यांच्यासह त्यांनी संपादिलेला विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’ १९५७ मध्ये हार्वर्डच्या ग्रंथमालेतून बाहेर पडला.

बारकाईने पाहिले तर नाणी आणि पोथ्या यांच्या अभ्यासात एक आंतरिक साम्य आहे. नाणे हातोहाती फिरताना झिजते. श्लोक एका लेखणीकडून दुसरीकडे जाताना बदलतो. दोहोंतही जुने काय आणि नंतरचे काय हे शोधावयाचे असते, आणि दोहोंतही एकट्या नमुन्यावर विश्वास न ठेवता पुष्कळ नमुन्यांची तुलना करावी लागते. म्हणून संख्याशास्त्रात मुरलेल्या मनाला पोथ्यांचे जग सर्वस्वी परके वाटले नाही. तरीही कष्ट टळले नाहीत. लिप्या वाचावयास शिकाव्या लागल्याच, पाठभेद एकेक करून टिपावे लागलेच.

पोथ्यांकडून पायवाटांकडे

पोथ्या लिहिल्या त्या लिहितावाचता येणाऱ्यांनी. शेतकरी, मेंढपाळ आणि वनात राहणारे लोक यांच्या जीवनाचे काय? त्यांनी ग्रंथ मागे ठेवले नाहीत. या प्रश्नाने कोसंबींना घराबाहेर काढले. १९४६ पासून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करीत असले, तरी राहणे पुण्यासच होते. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या त्यांनी पायांखाली घातल्या. घरामागच्या टेकडीवर आणि खेड्यापाड्यांच्या वाटांवर त्यांना अश्मयुगातील बारीक गारगोट्यांची हत्यारे सापडली. त्यांतील कित्येक नखाएवढी लहान होती, आणि शेकडो माणसे त्यांवरून रोज चालत होती.

ही हत्यारे कोठे सापडतात, याची नोंद ठेवता ठेवता एक रचना दिसू लागली. गावाबाहेरच्या माळावरील म्हसोबा, बोल्हाई अशा देवदेवतांची ठाणी पुष्कळदा या जुन्या वाटांवरच असतात. पावसाळ्यात एकीकडे आणि उन्हाळ्यात दुसरीकडे जाणाऱ्या मेंढपाळांचे मार्ग, पंढरीच्या वारीचा मार्ग, सह्याद्रीच्या घाटांतून समुद्राकडे उतरणारे व्यापारी मार्ग आणि त्या मार्गांवर कोरलेली कार्ले, भाजे, बेडसे येथील लेणी, ही सर्व एकाच प्राचीन वहिवाटीचे अवशेष असावेत, असा विचार त्यांनी मांडला. या वाटांच्या कडेस त्यांनी लोकांशी बोलून ठाण्यांच्या कथा, नवस आणि विधी टिपून घेतले. पोथी, नाणे, हत्यार आणि जिवंत रूढी या चारही साक्षीदारांना एकत्र बसवून इतिहास विचारावा, ही त्यांची पद्धत होती. ‘भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना’ अशा अर्थाचे शीर्षक असलेला त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील निष्कर्षांविषयी वाद झाले आणि आजही होतात. मात्र राजांच्या याद्यांऐवजी लोकांच्या जीवनसाधनांकडे पाहण्याची सवय इतिहासकारांना लागली, तीत या ग्रंथाचा वाटा मोठा आहे.

जेथे पाऊल चुकले

ही कथा येथे संपविली, तर ती पुरी खरी ठरणार नाही. मूळ संख्यांच्या वाटणीविषयी रीमान यांनी १८५९ मध्ये मांडलेले एक अनुमान गणितातील अत्यंत अवघड प्रश्नांपैकी एक मानले जाते. ते आजतागायत कोणासही सिद्ध करता आलेले नाही. संभाव्यतेच्या मार्गाने ते सिद्ध केल्याचा दावा कोसंबींनी १९५९ च्या सुमारास केला. त्यांचा निबंध शेतकीविषयक संख्याशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. त्या विषयातील गणितज्ञांना ती सिद्धता पटली नाही. मूळ संख्या सोडतीच्या चिठ्ठ्यांसारख्या वागतात असे मानून चालणे, आणि त्या तशा वागतात हे सिद्ध करणे, या दोहोंत फार अंतर आहे. या प्रकरणामुळे त्यांच्या गणिती प्रतिष्ठेस मोठा धक्का बसला. १९६२ मध्ये टाटा संस्थेतील त्यांची नेमणूकही संपुष्टात आली.

जो मनुष्य नाण्यांचा नियम आधी सालाच्या नाण्यांवर तपासून पाहतो, तोच मनुष्य आपल्या मूळ विषयात अशी चूक करतो, हे चमत्कारिक वाटेल. परंतु यात एक बोध आहे, आणि स्वाध्यायाच्या मार्गाने जाणाऱ्या प्रत्येकाने तो लक्षात ठेवावा. नाण्यांच्या बाबतीत तराजू हा निःपक्षपाती परीक्षक होता. पोथ्यांच्या बाबतीत शेकडो लेखनिकांची साक्ष होती. जेथे असा बाहेरचा परीक्षक ताबडतोब हजर नसतो, तेथे स्वतःच्या युक्तिवादाची मोहिनी पडण्याचा धोका सर्वाधिक असतो. मनुष्य स्वतःचा गुरू होऊ शकतो. त्याने स्वतःचा एकमेव परीक्षक मात्र होऊ नये.

स्वाध्यायाची रीत

कोसंबींच्या या वाटचालीत विषय वरचेवर बदललेले दिसतात, परंतु वस्तुतः एकच प्रश्न पुढे सरकत होता. संख्याशास्त्राने नाण्यांकडे नेले, नाण्यांनी पोथ्यांकडे, पोथ्यांनी पायवाटांकडे. प्रत्येक टप्प्यावर नव्या शास्त्राची गरज आधी उत्पन्न झाली आणि मग ते शिकले गेले. भूक लागल्यावर खाल्लेले अन्न जसे अंगी लागते, तसेच गरजेपोटी शिकलेले ज्ञान अंगी लागते. दुसरे असे की, प्रत्येक शास्त्रात त्यांनी तेथील हलके समजले जाणारे काम स्वतः केले. तोलणे, उतरवून घेणे, पायपीट करणे ही कामे त्यांनी दुसऱ्यांवर सोपविली नाहीत.

यासाठी हार्वर्डची पदवी लागते असेही नाही. धर्मानंदांकडे ती नव्हती. नाण्यांचा प्रयोग तर कोणत्याही विद्यार्थ्यास करून पाहता येईल. एकाच प्रकारची परंतु निरनिराळ्या सालांची नाणी, प्रत्येक सालची निदान वीस-पंचवीस, जमवावी. मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखविणाऱ्या काट्यावर ती एकेक करून तोलावी आणि सालवार सरासरी व तफावत मांडावी. आजची पोलादी नाणी चांदीपेक्षा फार कमी झिजतात, म्हणून फरक दिसेलच असे नाही. न दिसला तर तो का दिसला नाही, हा प्रश्न शिल्लक राहील. आणि त्या प्रश्नाच्या मागे जाता जाता धातुशास्त्राचे दार उघडेल.

दामोदर कोसंबी यांचे २९ जून १९६६ रोजी पुण्यात निधन झाले. त्यांचे वय तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत एका अमेरिकन विज्ञान-मासिकात त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला होता. त्याचा विषय होता नाणी आणि त्यांचे वजन. पंचवीस वर्षांपूर्वी हाती घेतलेला तराजू त्यांनी अद्याप खाली ठेवला नव्हता.